न वाचता केलेली सही

प्रिय जनू,

काल तुझं बारावं झालं. आज शाळेत रजा टाकली आहे आणि कागद पुढे ओढून बसलो आहे. खरं तर पत्र तुला लिहायचं नव्हतंच. ते लिहायचं आहे सुरीनामच्या शिवबालक पंडितांना. हुकूम तुझ्या आईचा आहे, आणि हौसाकाकींचा हुकूम मोडायची आपल्या दोघांचीही कधी छाती झाली नाही.

काल पंगत उठल्यावर काकींनी मला ओटीवर बोलावलं. हातात पंडितांचं यंदाचं शुभेच्छापत्र होतं. फगव्याचं, म्हणजे आपल्या होळीचं. दरवर्षी ते आलं की काकी ते होळीतच टाकायच्या. यंदाचं होळी उलटून गेल्यावर पोचलं, म्हणून वाचलं.

"यावर पत्ता हाय बग त्याचा," काकी म्हणाल्या. "तू संस्कृत शिकलेला मानूस. चांगलं खरमरीत पत्र लिव त्या पंडिताला. लिव, ज्या पोराचं तू वाईटसाईट कलवलंस, अन् ज्याला तुज्यापाई परत यावं लागलं, तो गेला म्हनावं. आता तरी तुजा जीव थंड झाला का, इचार."

मी "बरं" म्हटलं. आणि वर कुणीतरी वाढलेली बुंदी संपवली.

आज सकाळी तीन वाक्यं लिहिली. मायना फार सुरेख जमला. चौथ्या वाक्यात आरोप यायचा होता, तिथे हात थांबला. कारण तुझ्याबद्दल, आपल्याला तिकडे पाठवणाऱ्या मंडळाला, पंडितांनी काहीही कळवलं नव्हतं. कळवलं होतं मी.

हे वाक्य सत्तावीस वर्षांत मी कुठेच लिहिलं नव्हतं. लिहून बघितलं. दिसायला अगदीच साधं आहे रे! क्रियापद आधी, कर्ता अगदी शेवटी.

तुला वाटेल, भट आता रडत बसला असेल. नाही. खोटं कशाला सांगू? दंतवैद्याकडून आल्यावर ओठ कसा असतो, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसा मी बारा दिवस आहे. मंदावहिनींचा फोन आला की तू कशेळीच्या गोदामात चहा पिऊन खुर्चीत मागे टेकलास तो टेकलासच, तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होतो. हातातला पेपर पुरा तपासला. अर्धा गुण वाढवूनही दिला. मग रिक्षा केली. रस्त्यात कंटेनरांची रांग होती आणि मी त्यांच्या मागची वाक्यं वाचत बसलो होतो.

स्मशानातही तेच. भटजी मंत्र म्हणत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्या चुका मोजत होतो. अकरा झाल्या. तू असतास तर म्हणाला असतास, "भटा, मेलोय मी, अन् नापास तू त्याला करतोस!" हे मला अगदी तुझ्या आवाजात ऐकू आलं. तरी डोळे कोरडेच.

आपण दोघं तिकडे गेलो ते कशासाठी, हे आता आठवलं की हसू येतं. धर्मशिक्षक! मी चोवीस वर्षांचा, तू पंचवीसचा. सुरीनामला हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं राहतात, त्यांना संस्कार शिकवायला मंडळाने दोन तरुण निवडले. मी संस्कृतचा पदवीधर म्हणून. आणि तू? तू दिवसा भिवंडीत लूमवर ड्युटी करायचास आणि संध्याकाळी मंडळाच्या वर्गात येऊन बसायचास, कानात कापसाची तुसं घेऊन. कार्यवाह म्हणाले, ह्याला भजन येतं, ढोलकी येते, धोतर शोभतं. पाठवून देऊ.

तूच विमानात मला समजावलं होतंस ना? "एक मंत्राला, एक बाकीच्या कामाला." बाकीचं काम म्हणजे काय, हे मला तिथे पोचल्यावर आठवडाभरात कळलं. बाकीचं म्हणजे सगळंच.

भातशेतीचा सपाट मुलूख, रस्त्याच्या कडेने कालवे, खांबांवर उभी लाकडी घरं, अंगणात बांबूंना लावलेले लाल झेंडे. तू पहिल्याच सकाळी म्हणालास, "हे तर आपलं अंजूरच हाय. फक्त गोदामं न्हाय." तेव्हा अंजुरातही गोदामं नव्हती रे फारशी. पण तू आगाऊच होतास.

आपला दिवस आठवतो? पाचला उठायचं. विहीर नाही, म्हणून पिंपातल्या पाण्याने अंघोळ. माझी संध्या, तुझा चहा. मग दोन सायकली. दर सकाळी दहा घरं करायची, असा मंडळाचा नियम. धोतर नेसून वाऱ्यात सायकल चालवणं हा कुठल्याही शास्त्रात न सांगितलेला तपाचा प्रकार आहे. माझं धोतर दुसऱ्याच दिवशी साखळीत गेलं. मी रस्त्याच्या मधोमध उभा, सोडवावं तर लाज जाते, न सोडवावं तर धोतर जातं. तू उतरलास, चाक उलटं फिरवलंस, आणि फाटलेला काठ लूमवाल्यांच्या गाठीने असा सांधलास की ते धोतर मी पुढे दोन वर्षं वापरलं. वर म्हणालास, "धागा तुटला की मशीन थांबवायची नसते, भट. चालू मशीनवर सांधायचा."

आणि दारं! मी दारात उभा राहून शुद्ध हिंदीत सुरुवात करायचो, "हम आपको सनातन संस्कारों से परिचित कराने हेतु..." घरातली म्हातारी माझ्याकडे अशी बघायची की जणू मी विम्याचा एजंट. मग तू मागून पुढे यायचास. "का हो आजी, खाना भइल?" झालं! दार उघडायचं, खुर्च्या यायच्या, सरबत यायचं. भिवंडीच्या लूमच्या खात्यात आझमगढ-बस्तीच्या कारागिरांबरोबर सहा वर्षं शिफ्ट केलेला माणूस तू. तुझ्या तोंडी जी बोली होती ती त्या लोकांच्या पणज्यांची निघाली. माझी बारा वर्षांची विद्या एकीकडे आणि तुझी लूमवरची पाळी एकीकडे. वजन कुठल्या पारड्यात जास्त, हे सांगायला तराजू लागला नाही.

म्हातारे तुला सोडायचे नाहीत. एकजण पेटीतून पिवळा कागद काढायचा, त्यावर आज्याचं नाव, गाव, जिल्हा. "हमार आजा के गाँव देखले है, बाबू?" तू कागद वाचायचास आणि म्हणायचास, "अरे, इस गाँव का तो हमारा जॉबर था!" खरं असायचं की नाही, देव जाणे. मी एकदा विचारलं, "जनू, लूम दुरुस्त करायला किती गावांचे जॉबर होते तुझ्या खात्यात?" तू म्हणालास, "त्याच्या आज्याचं गाव कोनीतरी पायलंय, येवढंच त्याला पायजे. मी मनात पायलं." धर्मशिक्षकाने खोटं बोलू नये असं मी तुला तेव्हा अर्धा तास सुनावलं होतं. मी! खोट्याबद्दल!

आणि मासे. धर्मशिक्षकाने मांसाहार करू नये, हा नियम. मला त्यात काय पडलं होतं? मी जन्माचा शाकाहारी, माझं पुण्य फुकटातलं. पण खाडीकाठचा तू, सुकटीच्या वासावर वाढलेला! कालव्यावर पोरं गळ टाकून बसली की तू सायकल उभी करायचास. नुसता बघायचास. एकदा कुणीतरी तळलेले मासे पुढे केले तेव्हा तू हात जोडलेस, आणि सायकलीवर टांग टाकलीस. मग म्हणालास, "चल भट, धर्म शिकवू." सोळा महिने तू नियम पाळलास. एकदाही मोडला नाहीस. हे मी अहवालात कधीच लिहिलं नाही.

अहवाल. आलाच शेवटी तो शब्द.

दर महिन्याला मंडळाला अहवाल जायचा. लिहायचो मी, सही दोघांची. तू कधी वाचला नाहीस. मी म्हणायचो, वाच तरी. तू म्हणायचास, "तुजं मराठी म्हंजे अर्धं संस्कृत. मना कललं असतं तर मीच न्हाय का भट झालो असतो?" आणि खाली सही ठोकायचास, ज च्या पोटात भलीमोठी गाठ घालून.

पंधराव्या महिन्यात मला ताप आला. मोठा ताप, हाडं वाजवणारा. चार दिवसांवर लग्न होतं, तू "खाना भइल?" विचारायचास त्या कालव्याकाठच्या आजीच्या नातीचं. इंडियाचे पंडित लग्न लावणार म्हणून पाहुणे राजधानीतून यायचे होते. तिथले नेहमीचे शिवबालक पंडित नदीपलीकडे दुसऱ्या कार्याला गेलेले. मी अंथरुणातून म्हटलं, "पोथी घेऊन जा. जमेल तेवढं वाच."

तू पोथी नेलीस. सप्तपदीचे मंत्र वाचलेस, चुकतमाकत. आणि मग पोथी मिटलीस.

तुझी आई धवलारीण, मांडवात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी. भटजी चुकला तर लग्न लागतं, पण धवलारीण चुकली तर न्हाय, असं तूच मला ऐकवायचास. लहानपणी तिच्या पदराला धरून तू किती मांडवांत बसला असशील! ती देवांना, गावदेवीला, घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाचं आवतण गात बोलावते, ते तुला पाठ होतं. तू तेच केलंस. आधी आजीपाशी बसून तिच्या घरातली सगळी गेलेली माणसं विचारून घेतलीस. जहाजातून आलेला आजा, वाटेतच गेलेला त्याचा भाऊ, मागे गावात राहिलेली त्याची आई. मग अंजूरच्या चालीवर, आगरी बोलीत, एकेकाचं नाव गुंफून त्यांना मांडवात बोलावलंस. शब्द कुणाला कळला नसेल, नावं सगळ्यांना कळली. बायका मागून सूर धरू लागल्या. आजी म्हणे मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि प्रत्येक नावाला "आवा, आवा" म्हणत राहिली.

हे मला तू सांगितलं नाहीस. तू आलास, माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि म्हणालास, "लागलं एकदाचं. तू कसा हायस?" मला सगळं सांगितलं ते दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या माणसांनी.

तू तेवढा त्या आठवड्यात फोनच्या दुकानात जाऊन आईला कळवून आलास, "आये, तुजे धवले इथं गायलो." काकींनी म्हणे अर्ध्या अंजुराला उभं करून सांगितलं. "साता समुद्रापार माजी गानी गेली!"

आणि मग तीन घरची माणसं आली, जनू. एकाच आठवड्यात तीन. माझा ताप उतरला होता, मी ओसरीत बसलो होतो, गंध लावून, सगळ्या थाटात. तिघांनीही मला नमस्कार केला, आणि तिघांनीही विचारलं, "ऊ गानेवाला पंडित कहाँ है?"

त्या दुपारी मी अहवाल लिहिला.

इतकी वर्षं मी स्वतःशी असं म्हणत आलो की ती एक गंमत होती. वाक्याची नशा चढते कधी कधी. ते वाक्य मला अजून पाठ आहे: "श्री. जनार्दन यांनी विवाहसंस्कार ग्रामगीतांच्या साहाय्याने उरकला. मंत्रांची उणीव यजमानांस मुळीच भासली नाही, ही समाधानाची बाब होय." कसं आहे? तोल बघ त्याचा. लिहिल्यावर मी दोनदा वाचून हसलो होतो. मग तुला हाक मारली. तू अंगणात सायकलीला तेल घालत होतास. तेलकट बोटं धोतराला पुसून आलास, वाचलं नाहीस, सही केलीस.

तापात लिहिलं असं म्हणायची सोयसुद्धा नाही. ताप उतरून आठ दिवस झाले होते.

उत्तर आलं पाच आठवड्यांनी. श्री. जनार्दन यांनी त्वरित परतावे. श्री. विनायक यांनी कार्यकाल पूर्ण करावा, आणि सदर विवाह यथाविधी पुन्हा लावून द्यावा.

तू पत्र मला वाचायला लावलंस. मी वाचलं. आवाज कसा निघाला ते आठवत नाही. तू सायकलीचं चाक एकदा फिरवून थांबवलंस, आणि विचारलंस, "कोनी कलवलं असंल रं?"

मी म्हटलं, "असेल कुणी इथलाच पंडित."

तू म्हणालास, "शिवबालक. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आला व्हता. 'ई का गवले, बाबू?' बोलला. तोंडावर हसला न्हाय."

एका निरपराध माणसाला अपराधी करायला मला त्याचं नावही घ्यावं लागलं नाही. नुसतं "नाही" म्हणालो नाही.

तू गेल्यावर मी ते दुसरं लग्न लावायला गेलो, हे तुला कधी सांगितलं नाही. पोथी, दर्भ, सगळं घेऊन. आजी झोपाळ्यावर बसली होती. मी मंडळाचा आदेश समजावला. तिने पुरता ऐकला.

"बियाह होइ गइल, महराज," ती म्हणाली. "एक लड़की के दू दफे बियाह ना होवे है."

मी म्हटलं, "आजी, विधि में त्रुटि रह गई थी।"

"त्रुटी का होवे है?"

"कमी."

"कौन कमी? हमार आजा आइल रहा. आजा के भाई आइल रहा. तू ना आइल रहा, तोके बुखार रहा." मग माझ्याकडे जरा बघून म्हणाली, "भूख लगल है तो रोटी खाइ ले. और ऊ लड़का के काहे भेज देले?"

मी रोटी खाल्ली. बटाट्याची भाजी होती. आयुष्यात अडचणीच्या प्रश्नावर मी दर वेळी काहीतरी खाल्लेलं दिसतं.

आणि शिवबालक पंडित? त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं होतं, जनू. तू परतल्यावर. मला दाखवून टपालपेटीत टाकलं. "ऊ लड़का के वापस भेजल जाए. हमार जजमान लोग ओके माँगत है." गाण्याबद्दल ते तुला दरडावायला आलेच नव्हते, शिकून घ्यायला आले होते. चेहराच तसा होता बिचाऱ्याचा, कुणाला शुभेच्छा दिल्या तरी रागावल्यासारखा वाटायचा. मंडळाने उत्तर दिलं नाही. मीही ते तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू पुढे विचारलं असतंस, मग कळवलं कोणी?

मी कार्यकाल पूर्ण करून परत आलो. प्रशस्तिपत्र मिळालं. शाळेत नोकरी लागली ती त्याच्याच जोरावर. तू पुन्हा लूमवर गेला होतास. गावात पोरं तुला "आमचे फॉरेन रिटर्न" म्हणायची. मग जमिनीवर गोदामं आली, तू गोदामवाला झालास, बरं झालं तुझं, माझ्यापेक्षा कितीतरी बरं. पण ढोलकीला तू पुन्हा हात लावला नाहीस. मी कधी विचारलं तर म्हणायचास, "टाइम कोनाला हाय?"

आणि काकी. लोक लग्नाचं आवतण घेऊन यायचे, धवले गायला बोलवायचे, त्या नाही म्हणायच्या. मी एकदा चिकाटीने कारण विचारलं. चुलीपुढे बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "माज्याच गान्यानी माज्या पोराचा इस्कोट केला. तेंनी तिकरं हलकी ठरवली. हलकी गानी दुसऱ्याच्या मांडवान कशाला नेऊ?" त्या पंचेचाळिशीच्या होत्या तेव्हा. अख्ख्या पट्ट्यात तसा गळा नव्हता. आज बहात्तर. मधली सगळी वर्षं त्या गायल्या नाहीत.

तिकडच्या कुणीही ती गाणी हलकी ठरवली नव्हती. ती हलकी ठरली माझ्या एका वाक्यात, आणि ते वाक्य खरं काय म्हणत होतं? की जनूची गाणी भारी पडली, माझे मंत्र हलके. समासात लपवलं म्हणून कुणाला दिसलं नाही इतकंच.

आता तुला एक विचारायचं आहे. रागाने नाही. राग यायलाही काहीतरी जागं असावं लागतं.

चार-पाच वर्षांपूर्वी मी तुझ्या गोदामात आलो होतो. भाडेकराराचे कागद आले होते. तू चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचत होतास. समोरचा माणूस कंटाळून म्हणाला, "सेठ, स्टँडर्ड है, साइन कर दो।" तू वर न बघता म्हणालास, "न्हाय बाबा. एकदा न वाचता सही करून पायलंय." मग भज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवलीस. "खा भट, निवतील."

मी खाल्ली. अर्थात.

तुला माहीत होतं का रे? की सहज बोललास? गोदामवाले सगळेच असं बोलतात. मला शाळेच्या कागदांवरून वाटेल तो अर्थ काढायची सवय आहे, तू म्हणायचासच. पण माहीत नसेल तर तू वाक्य संपवून माझ्याकडे बघितलं असतंस ना? कुणीही बघतं. तू बघितलं नाहीस. भज्यांकडे बघितलंस.

आणि माहीत होतं, तर शिवी का नाही घातलीस? तुझ्याकडे काय शिव्यांची वाण होती? मंडळाचे जुने कार्यवाह नंतर भिवंडीत भेटत असत. त्यांनी सांगितलं असेल एखादे वेळी. मग तू त्या दिवशी घरी जाऊन आईला का नाही सांगितलंस? दरवर्षी त्या म्हाताऱ्या पंडिताचं पत्र होळीत जळू दिलंस, आईला गाणं गिळू दिलंस, ते काय मला तुमच्या घरी गौरीला, दिवाळीला, जत्रेला जेवायला बोलावता यावं म्हणून? इतका का मी तुझा होतो? आणि असलो, तर आईहून? हे तू चूक केलंस, जनू. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण ह्यातली तुझी चूक मी माझ्या खात्यावर घेणार नाही. माझ्या अंगावर माझी पुरे आहे.

आणि माहीत नव्हतं, तर तू मला मित्र समजून गेलास. ह्या दोहोंतलं जास्त वाईट काय, ते मी सकाळपासून ठरवतो आहे. पूर्वपक्ष होतो, उत्तरपक्ष होतो, सिद्धान्त काही निघत नाही.

काल काकींच्या समोर बसलो होतो तेव्हा एकदा तोंड उघडलं होतं. शपथ. "काकी, पंडितांनी नाही..." इतकं म्हणालोही. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "तू रडू नको. तूच एक राह्यलास त्याचा, सोबतीला गेलेला." मी रडत नव्हतोच. त्यांना वाटलं, म्हणून मी डोळे पुसले. बघ, तिथेही!

तर आता ऐक. उद्या सकाळी मी अंजूरला येतो आहे. पंडितांना पत्र लिहून आणणार आहे, पण काकींनी सांगितलं तसं नाही. तू गेल्याचं कळवीन, आणि सत्तावीस वर्षं तुझ्या घरातून उत्तर का गेलं नाही ते लिहीन, माझं नाव घालून. आधी ते काकींना वाचून दाखवीन, त्यांना कळेल अशा मराठीत. त्यांची गाणी कुणालाही हलकी वाटली नव्हती, हे सांगीन. एका माणसाला ती सोसली नव्हती, आणि तो माणूस तुमच्या ओटीवर सत्तावीस वर्षं पाट मांडून जेवतो आहे, हेही सांगीन. तुला माहीत होतं की नव्हतं, ते सांगणार नाही. मला ठाऊक नाही, आणि अंदाजाने त्यांच्या मनात तुझ्याविषयी काही घालायचा मला हक्क नाही.

काकी पुन्हा गातील, असं वचन देत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि त्यासाठी म्हणून मी सांगतही नाही. त्यांनी चप्पल काढली तर काढू दे. "ऊठ" म्हणाल्या तर उठेन, पुन्हा ती पायरी चढणार नाही. पण त्या काही बोलेपर्यंत बसून राहीन, कितीही वेळ लागो. आणि त्या वेळात पुढे काही खायला ठेवलं, तर त्याला हात लावणार नाही.

तुझा,
विनायक